घाटातील गाडीचा भरवसा : ब्रेकच्या रबरी नळ्यांची तपासणी आणि बदल

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, राजूर हे डोंगराळ मुलखाच्या बाजारपेठेचे गाव आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे असून डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठीही हे गाव परिचित आहे. अकोल्याकडून येणारा रस्ता विठा घाट चढून राजूरकडे येतो. पुढे तो रंधा धबधबा व शेंडी या मार्गाने, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाकडे जातो. कळसूबाईच्या पायथ्याची गावे, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या वाड्या यांचा व्यवहार अशाच चढउताराच्या रस्त्यांवर चालतो.

या रस्त्यांवरील नित्याचे वाहन म्हणजे पिकअप. भात, टोमॅटो, दुधाची कॅने, खताच्या गोण्या, सिमेंट, पत्रे आणि प्रसंगी बैल अथवा शेळ्या याच गाडीतून जातात. मालवाहू वाहनातून माणसांची वाहतूक करण्यास कायद्याची मनाई आहे. तथापि आवणीच्या दिवसांत, लग्नसराईत किंवा रात्री-अपरात्री रुग्ण हलविताना माणसेही त्यात बसतात, हे डोंगरी भागात राहणाऱ्यास सांगावयास नको. सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात आली. खाजगी मालकीच्या जुन्या पिकअप मात्र योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करून रस्त्यावर धावत आहेत आणि त्यांवर अनेक कुटुंबांची उपजीविका आहे. अशा गाडीचे इंजिन बंद पडले तर खोळंबा होतो; ब्रेक गेला तर जीव जातो. त्या ब्रेकच्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित आणि वयाबरोबर निश्चितपणे जीर्ण होणारा भाग म्हणजे चाकांजवळच्या रबरी नळ्या होत. गॅरेजच्या भाषेत त्यांना ‘ब्रेक होज’ किंवा ‘होज पाइप’ म्हणतात.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो?

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला. शाळेच्या विज्ञानात तो शिकविला जातो. मोटारीचा द्रवचालित ब्रेक या नियमावर आधारलेला आहे. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

उदाहरणादाखल एक सोपे गणित घेता येईल. चालकाने पॅडलवर ४० किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या तरफेमुळे तो चौपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १६० किलोचा जोर येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असल्यास ब्रेक ऑइलमध्ये प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब निर्माण होतो. चाकाजवळील दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथे ८०० किलोचा जोर मिळतो. बूस्टर असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक दाबला असता हा दाब आणखी पुष्कळ वाढतो. एवढा दाब शिशपेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीला दिवसातून शेकडो वेळा सोसावा लागतो.

मास्टर सिलिंडरपासून निघणारी नळी चॅसिसच्या कडेने जाते तोवर पोलादी असते. परंतु चाक आणि ॲक्सल स्थिर नसतात. खड्ड्यात ते खाली जातात, उंचवट्यावर वर येतात. पुढील चाके शिवाय डावी-उजवीकडे वळतात. पोलादी नळी तेथे वारंवार वाकून तुटली असती. यास्तव शेवटच्या टप्प्यात लवचीक नळीची योजना केलेली असते. जुन्या पिकअपमध्ये बहुधा अशा तीन नळ्या असतात : पुढील प्रत्येक चाकास एक आणि चॅसिसपासून मागील ॲक्सलपर्यंत एक. मागील एकाच नळीवर दोन्ही मागील चाकांचे ब्रेक अवलंबून असतात, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

ही नळी वरकरणी साध्या रबराची दिसली तरी तिची रचना थरांची असते. आत ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे अस्तर, त्यावर दाब पेलणाऱ्या धाग्यांची वीण, आणि बाहेर ऊन, पाणी व घर्षण सोसणारे आवरण. दोन्ही टोकांना धातूचे जोड दाबून बसविलेले असतात. अशा नळ्यांसाठी भारतीय मानक ७०७९, तर ब्रेक ऑइलसाठी भारतीय मानक ८६५४ आहे.

डोंगरी रस्त्याचा ताण

माल भरलेली अडीच टन वजनाची पिकअप १०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या आधारे उतरली, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता सुमारे साडेसात लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ही सारी उष्णता चार चाकांजवळच्या लोखंडात साठते आणि तेथून ब्रेक ऑइलला व रबरी नळीला तापविते.

ब्रेक ऑइलचा आणखी एक गुणधर्म येथे महत्त्वाचा ठरतो. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा शोषलेल्या अवस्थेतील किमान मर्यादा मात्र १४० अंश आहे. ‘डॉट ४’साठी हेच आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. त्यामुळे पॅडल तळापर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाला चार ते पाच हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवामानात ऑइलची मुदत पाळणे विशेष अगत्याचे आहे.

पावसाचा दुसरा परिणाम जोडांवर होतो. नळी ज्या लोखंडी पट्टीत अडकविलेली असते तेथे चिखल साचून गंज धरतो. गंज फुगतो आणि नळीला बाहेरून आवळू लागतो. उन्हाळ्यात रबर सुकते, त्याला बारीक तडे पडतात. रस्त्यावरील खडी उडून आवरणाला जखमा होतात.

निसर्गाखेरीज माणसाच्या हातूनही नळीवर अन्याय होतो. अधिक माल वाहता यावा म्हणून स्प्रिंगचे पाटे वाढविले जातात व गाडी उंच होते. नळीची लांबी मात्र मूळचीच राहते. मग ॲक्सल खाली लटकला की नळी दोरीसारखी ताणली जाते. ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपर नळीवरच लोंबकळत ठेवला जातो. त्यामुळे आतील वीण तुटते. तुटलेल्या क्लिपऐवजी तार गुंडाळली जाते आणि तीच तार आवरण कापीत राहते. या तिन्ही गोष्टी टाळणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.

न दिसणारा बिघाड

बाहेरून फुटलेली नळी लगेच लक्षात येते. ऑइल गळते, पॅडल खाली जाते. यापेक्षा फसवा बिघाड आतला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने आतील अस्तर फुगते किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. पॅडल दाबले की जोरदार दाबामुळे ऑइल पलीकडे जाते. पॅडल सोडल्यावर मात्र परतीचा दाब क्षीण असल्याने पापुद्रा झडपेसारखा मिटतो आणि ऑइल चाकाकडेच अडकून राहते. परिणामी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, ड्रम किंवा डिस्क तापते, इंधन जास्त लागते आणि गाडी त्या बाजूला ओढते. याउलट, अडथळ्यामुळे एका पुढील चाकाला दाब उशिरा किंवा कमी पोहोचला, तर ब्रेक लावताच गाडी दुसऱ्या बाजूला खेचली जाते. घाटातील वळणावर, एका बाजूला दरी असताना, या खेचण्याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

कित्येकदा अशा वेळी पॅड बदलले जातात, कॅलिपर उघडला जातो, चाकांची अलाइनमेंट केली जाते. दोष मात्र नळीत असतो आणि तो तसाच राहतो.

आणखी एक दोष चुकीच्या ऑइलमुळे उद्भवतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल, स्टिअरिंगचे ऑइल किंवा डिझेल थोडेही पडले, तर ब्रेकमधील रबर फुगून मऊ पडते. टाकीच्या झाकणातील रबर सुजलेले व वेडेवाकडे दिसणे ही त्याची पहिली खूण होय. अशा गाडीत केवळ नळ्या बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे सर्व रबरी भाग बदलून पोलादी नळ्या स्वच्छ कराव्या लागतात.

तपासणीची पद्धत

तपासणीस महागडे यंत्र लागत नाही. सपाट व टणक जागा, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, जॅक, गाडी टेकविण्यासाठी मजबूत स्टँड, बॅटरी आणि दोन माणसे एवढे पुरेसे आहे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दगडांची चळत हा स्टँडला पर्याय नव्हे.

प्रथम नळी पाण्याने व फडक्याने स्वच्छ करावी. डिझेल किंवा पेट्रोलने ती पुसू नये, कारण ही द्रव्ये रबरास घातक आहेत. नंतर नळी पूर्ण लांबीभर प्रकाशात पाहावी आणि हलकेच वाकवून पाहावी. वाकविताच तडे उघडत असतील, आतील धागा दिसत असेल, आवरण चिकट किंवा फुगीर झाले असेल, जोडाजवळ ओल असेल किंवा घासल्याचा चट्टा असेल, तर नळी बदलावी. यांपैकी एक खूण आढळली तरी पुरेशी आहे.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून एका व्यक्तीने पॅडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने नळीकडे पाहावे. दाब येताच नळीला कोठे फुगवटा आला, तर धाग्यांची वीण तुटली आहे असे समजावे. अशी नळी असलेली गाडी रस्त्यावर आणू नये. पुढील चाकांच्या बाबतीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून नळी टायरला, रिमला किंवा स्प्रिंगला लागते काय हे पाहावे. ॲक्सल खाली लोंबत असताना नळी ताठ होत नाही ना, हेही पाहावे.

आतील अडथळा ओळखण्याची रीत अशी : चाक उचलून पॅडल दाबावे व सोडावे. चाक हाताने मोकळे फिरत नसेल, तर त्या चाकाजवळचा ब्लीड निपल किंचित सैल करावा. ऑइल दाबाने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहिला होता हे सिद्ध होते. चाक तरीही घट्टच राहिले, तर दोष दट्ट्यात, पॅडमध्ये किंवा ड्रममध्ये शोधावा. दाब अडकला असल्यास पुन्हा पॅडल दाबून सोडावे आणि या वेळी नळीचा वरचा, म्हणजे पोलादी नळीकडील, जोड सैल करावा. त्याने चाक मोकळे झाले तर अडथळा त्याहून वर आहे. मोकळे झाले नाही आणि निपल उघडताच झाले, तर नळीच बंद झालेली आहे.

नळी बदलताना

नळी बदलण्याचे काम जाणकार मेकॅनिकनेच करावे. तथापि ते काम नीट झाले की नाही, हे गाडीमालकास कळणे आवश्यक आहे.

नळी गाडीच्या मॉडेलसाठी नेमलेली, त्याच लांबीची व त्याच आट्याची असावी. तिच्यावर निर्मात्याची खूण व मानकाचा उल्लेख असावा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेली नळी नवी असूनही जुनीच असते. पुढील एक नळी खराब झाली तर दोन्ही बदलाव्यात. दोन्ही सारख्याच वयाच्या असतात आणि दोन बाजूंचा ब्रेक सारखा लागणे हेच सुरक्षिततेचे मर्म आहे. तिन्ही नळ्यांचा एकत्रित खर्चही सामान्यतः एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमी असतो.

जुना जोड गंजलेला असल्यास त्यावर गंज सोडविणारे तेल घालून वेळ द्यावा. जोडाच्या नटाला पूर्ण वेढणारा, ब्रेक पाइपसाठी असलेला खास पाना वापरावा. साध्या पान्याने नटाच्या कडा झिजतात आणि पोलादी नळी पिळवटून निघते. जोड सोडताना नळीकडील भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. ऑइल वाहू नये म्हणून नळी पकडीने आवळण्याची प्रथा आहे. राहणाऱ्या नळीच्या बाबतीत ती टाळावी, कारण त्याने अस्तराला इजा होते. उघड्या तोंडांना स्वच्छ टोपण लावावे. बँजो बोल्ट असलेल्या जोडात तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना नवेच घालावेत. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते. ते लगेच पाण्याने धुवावे.

नवी नळी बसविताना तिला पीळ पडू देऊ नये. बहुतेक नळ्यांवर लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा अक्षरांची ओळ असते. ती सरळ राहिली म्हणजे पीळ नाही असे समजावे. क्लिप मूळच्या जागी व मूळच्या प्रकारचीच लावावी. जोड निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकाच आवळावा.

यानंतर यंत्रणेतील हवा काढणे हे मुख्य काम. बंद डब्यातील ताजे ब्रेक ऑइल वापरावे. निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पॅडल सावकाश दाबून धरावे; दुसऱ्याने निपल उघडावा, बुडबुडे बाहेर जाऊ द्यावेत आणि पॅडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकी रिकामी होऊ देऊ नये. सुरुवात सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून होते. तथापि काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, म्हणून पुस्तिका पाहावी. एबीएस असलेल्या गाडीसाठी हे काम तशी साधने असलेल्या कार्यशाळेतच करवून घ्यावे.

काम संपल्यावर पॅडल एक मिनिटभर जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर काम अपुरे आहे. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून ओल पाहावी. मग गाडी रिकामी असताना, सपाट व मोकळ्या जागी, मंद गतीने ब्रेकची चाचणी घ्यावी. घाट हे चाचणीचे ठिकाण नव्हे.

चालकाची जबाबदारी

नवी नळी बसली म्हणून घाटात निष्काळजीपणा चालत नाही. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे वेग इंजिनच रोखून धरते आणि ब्रेक थंड राहतात. गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून डिझेल वाचविण्याची सवय अत्यंत घातक आहे. इंजिन बंद होताच बूस्टरची मदतही काही वेळातच संपते आणि सारा भार चालकाच्या पायावर येतो. जुन्या धाटणीच्या काही जीपवजा गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग असतो. त्यात एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन मार्ग असलेल्या गाडीत निम्मा ब्रेक उरतो, पण भरलेल्या गाडीस घाटात तो पुरेल याची खात्री नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतन करावे लागते. अकोले तालुका श्रीरामपूरच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो. तथापि ही तपासणी वर्षातील एका दिवसाची असते. उरलेल्या ३६४ दिवसांची जबाबदारी मालकाची आणि गाडी भाड्याने घेणाऱ्याची असते.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांत ग्रामपंचायत, शाळा, आश्रमशाळा, दूध संस्था व शासकीय कार्यालयेही येतात. कामाच्या साहित्यासाठी, धान्य पोहोचविण्यासाठी किंवा शिबिराच्या सामानासाठी पिकअप ठरविताना दर विचारला जातो. ब्रेकविषयी सहसा विचारले जात नाही. योग्यता प्रमाणपत्राची मुदत आहे काय, ब्रेक ऑइल गेल्या दोन वर्षांत बदलले काय आणि रबरी नळ्या शेवटच्या केव्हा बदलल्या, हे तीन प्रश्न भाडे ठरविण्यापूर्वी विचारण्याची प्रथा पडली, तर मालक आपोआप नोंद ठेवू लागतील. तिसऱ्या प्रश्नास ‘कधीच नाही’ असे उत्तर आले, तर जुन्या गाडीच्या बाबतीत तेच तपासणीचे पुरेसे कारण समजावे.

पावसाळ्याच्या तोंडाशी, मे महिन्यात, गावातील सर्व मालवाहू गाड्यांची एक दिवस सामुदायिक तपासणी करता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. तेथील निदेशक व प्रशिक्षणार्थी अशा दिवशी मार्गदर्शन करू शकतील. शिक्षकांना पास्कलचा नियम फळ्यावर शिकवून झाल्यावर गावातीलच एखाद्या गाडीच्या चाकाजवळ नेऊन तो प्रत्यक्ष दाखविता येईल. ज्या मुलाने ही नळी एकदा डोळ्यांनी पाहिली, तो घरच्या गाडीखाली डोकावल्याखेरीज राहणार नाही.

विठा घाट उतरणाऱ्या गाडीतील माल, चालक आणि मागे बसलेली माणसे यांचा भार अखेरीस हातभर लांबीच्या रबरावर असतो. ते रबर किती वर्षांचे आहे, याचे उत्तर गाडी घाटाला लागण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे.